गाऱ्हाण्याचं तिसरं उत्तर

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. उलट अंधार, भुतंखेतं, मंत्रतंत्र हे माझ्यासाठी निव्वळ सजावटीचं सामान होतं... कारण मी ब्लॅक मेटल करतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी – गिटारचा न थांबणारा गुणगुणाट, धबाधबा ड्रम्स आणि मागे कुणीतरी गळा फाडून ओरडतंय. त्यातही माझं ॲटमॉस्फेरिक, म्हणजे जरा संथ, धुकं-जंगलवालं. बँडमध्ये मी एकटाच. राहायला रत्नागिरीत, नाचणे रोडला. पोटासाठी घरातल्याच छोट्या स्टुडिओत रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करतो. ‘भव्य साड्यांचा सेल’ म्हणणारा घोगरा आवाज ऐकला असेल तर तो माझाच.

गेल्या थंडीत माझा नवा अल्बम जवळजवळ तयार होता. सगळी गाणी राखणदार, बाधा, उलट्या पूजा वगैरेंवर. फक्त सुरुवातीचा तुकडा मनासारखा होत नव्हता. बाहेरचे बँड तिथे लॅटिन मंत्र घालतात. मला वाटलं, आपल्याकडे गाऱ्हाणं असताना ती उसनवारी कशाला?

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. गावात कुणाचं काही अडलं, कुणी लांब निघालं, की देवळात मानकरी देवापुढे मोठ्याने मागणं मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लांज्याकडच्या आमच्या गावात हा मान माझ्या काकांकडे आहे. काकांचा एकुलता एक मुलगा सचिन बोटीवर इंजिन खात्यात असतो. तेव्हा तो आखातात होता, घरून जाऊन पाच महिने झालेले.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी नवा कोरा रेकॉर्डर घेऊन देवळात पोचलो. काका नारळ घेऊन आले होते, पण कुरकुरत.

“नुसता बोलायचा म्हनून गाऱ्हाना घालीत नाय रे. कायतरी मागावा लागता.”

“मग सचिनसाठी मागा की.”

“आनि व्हय म्हाराजा कोन बोलनार? तू नि मीच हाव हितं.”

“ते मी नंतर घालतो, काका. कॉम्प्युटरवर. चाळीस माणसांचा आवाज करतो.”

त्यांना ते पटलं नाही, पण पुतण्याचं मन मोडवेना. मी हेडफोन लावले, त्यांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, माजा सचिन परमुलखात, पान्यावर हाय... त्याच्यावर तुजी नजर ठेव रे म्हाराजा.”

थांबून माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

“त्याच्या वाटंत जो कोन आडवा आला असंल, त्याला बाजूला कर रे म्हाराजा.”

पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, चालू द्या.

“नि त्याला सुखरूप घरी आन रे म्हाराजा...”

या वेळी त्यांचा आवाज कापला. पुढे नुसती शांतता, कुठेतरी लांब कुणीतरी लाकूड तोडत होतं. इतकी सुंदर शांतता मिळाली म्हणून मी खुशीत अंगठा दाखवला. त्याची मला अजून लाज वाटते. काकांनी नारळ तसाच कोनाड्यात ठेवला. म्हणाले, “उत्तर नाय, तर नारल फोडू कसा?”

दोन दिवसांनी मी ती फाईल स्पीकरवर लावली. पहिलं वाक्य, शांतता. दुसरं, शांतता. तिसरं झालं आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, सचिन भावजी कधी आले?”

मीही ऐकलं होतं. ‘व्हय म्हाराजाऽऽ’ – दमलेला, धाप लागलेला आवाज, अगदी माइकजवळ. शेवटचा ‘जा’ लांबवायची सवय लहानपणापासून सचिनचीच. देवळात माझ्या कानांवर हेडफोन होते हो, सगळं रेकॉर्डिंग मी तिथल्या तिथे ऐकत होतो. तेव्हा तिथे काहीही नव्हतं. कार्डही नवीन, त्यात जुनं काही असायचा प्रश्नच नाही.

सचिनला फोन लागेना. मंगळवारी पाठवलेल्या मेसेजलाही अजून एकच टिक. असा आवाज कधी ऐकू येतो याच्यावर मी स्वतःच दोन गाणी लिहिली होती, त्यामुळे डोक्यात काय चालू होतं ते वेगळं सांगायला नको. मी सरळ घाबरलो होतो. बायको म्हणाली, काकांपासून लपवू नका. गाडी काढून गावी गेलो.

काकांनी हेडफोन लावून दोनदा ऐकलं.

“पयल्या दोन टायमाला काय नाय?”

“नाही.”

“तिसऱ्याला बोलला.” त्यांनी हेडफोन काढले. दारात काकी हात पुसत उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, “चल, नारल फोडून येव.”

“काका, तो बरा असेल ना?”

“मना काय ठाऊक? पन जाब दिलाय त्यानं. जाब देनारा मानूस कुटंतरी हाय.”

शनिवारी सचिनचा फोन आला, मला. “दादा, बाबांना सांगू नको हां,” अशी सुरुवात. बोटीवरच्या एका रिकाम्या टाकीत तो तपासणीला एकटा उतरला होता. आतली हवा खराब होती. गरगरलं, म्हणून खाली बसला, मग झोप यायला लागली.

“आणि बाबांचं गाऱ्हाणं ऐकू आलं रे. स्पष्ट. दोनदा उत्तर द्यायला गेलो, तोंडच उघडेना. तिसऱ्यांदा कसाबसा ओरडलो. वर टाकीच्या तोंडाशी जो उभा होता त्याने ते ऐकलं आणि माणसं बोलावून मला ओढून काढलं. चार दिवस दवाखान्यात होतो, फोन बोटीवरच राहिलेला.”

मी वार आणि वेळ विचारली. मंगळवार, तिकडचे साडेनऊ वाजून गेलेले. म्हणजे आपले अकरा. फाईलवर अकरा वाजून सहा मिनिटं आहेत.

मग तो सहज बोलल्यासारखं बोलला, “खरं सांगू? मी सोडूनच दिलं होतं. पण देवळात दुसरं कुणी बोलतच नव्हतं ना. म्हटलं, बाबा एकटे उभे आहेत, कुणीतरी म्हणायला पाहिजे.”

देवळात मी होतो. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

अल्बम बाहेर आला, त्या तुकड्याशिवाय. साऊंडवाल्या दोन मित्रांना फाईल ऐकवली, दोघंही म्हणाले, यात जोडकाम काही नाही. मला यातलं काहीही समजत नाही. देवळात गप्प राहिलो ती चूक म्हणू की काय म्हणू, तेही कळत नाही. हल्ली गाऱ्हाण्याला मी हटकून जातो. पण ‘व्हय म्हाराजा’ मी सगळ्यांचं म्हणून झाल्यावरच म्हणतो... आधी जरा थांबतो, आणखी कुणाला म्हणायचं असेल तर.