मुलुंडच्या तळ्यातलं कासव

मऊ पाठीचं, गोड्या पाण्यातलं कासव आपल्या उपनगरांत कुठे कुठे उरलंय, याचा नकाशा आम्ही काही हौशी मंडळी मिळून करतो. कासव दिसलं की फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचा. मग नकाशावर ठिपका उमटतो आणि त्याखाली बघणाऱ्याचं नाव येतं. पवईला ठिपके होते, बोरिवलीला जंगलाच्या कडेने होते. मुलुंड कोरं होतं.

मी मुलुंडची. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तळ्यावर दोन वर्षं रविवारी सकाळी जाऊन बसायचे. दिसायची ती कुणीतरी घरात पाळून, कंटाळून सोडलेली परदेशी कासवं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली.

हिवाळ्यातल्या एका रविवारी माझी घाटकोपरची शाळेतली मैत्रीण म्हणाली, "मी पण येते यार, घरी बोअर होतंय." आली, काठावर टेकली, वडापावचा कागद सोडला आणि म्हणाली, "ए, ते चिखलात काय हलतंय गं?"

तेच होतं. चपटं, शेवाळी, नळीसारखं नाक वर काढलेलं. तिने मोबाईलवर फोटो घेतला. माझा कॅमेरा अजून पिशवीतच होता.

संध्याकाळी मुलुंडवर ठिपका उमटला, तिच्या नावाने. आमच्या ग्रुपवर तिलाही घेतलं होतं आणि सगळे 'झकास, झकास' करत होते. मी गवार मोडत बसले होते. शेंगांबरोबर देठंही भांड्यात जात होती. हात पुसून मी ग्रुपवर लिहिलं, 'हेही कुणीतरी सोडलेलं असेल. एकावरून काही ठरत नाही.'

लगेच तिचा फोन आला. "सरळ बोल ना, तू जळतेयस."

"हो, जळतेय! मी इतके दिवस डोळे लावून बसते आणि तुला वडापाव खाता खाता दिसतं!"

ती म्हणाली, "कसं ठरेल ते सांग. सोडलेलं की इथलंच?"

"पिल्लं सापडली तर. म्हणजे ती इथेच वाढतात."

"मग चल, पिल्लं शोधू."

ती खरंच येत राहिली. उन्हाळाभर आम्ही काठ धुंडाळला. पावसाळ्यात, म्हशी बसायच्या त्या डबक्याशी ती अचानक वाकली. बिस्किटाएवढं पिल्लू गवतातून पाण्याकडे चाललं होतं. परत तिलाच दिसलं!

तिने मोबाईल खिशातच ठेवला. "तू काढ फोटो. तुझ्या नावाने टाक."

"नको. दिसलं तुला, काढ तूच," मी म्हटलं. आवाज मला हवा होता तितका मोकळा निघाला नाही.

तिने काढला. पिल्लू पाण्यात शिरलं.

आता मुलुंडच्या दोन्ही ठिपक्यांखाली तिचंच नाव आहे. कुणी विचारलं तर मी सांगते, आमच्या मुलुंडला आहे ते कासव, मूळचं इथलंच. सांगताना 'आमच्या'वर जरा जास्तच जोर पडतो. ती बाजूला असली की हसते, आणि मला अजून राग येतो.