काहीच बदललं नाही, याचे पैसे

२००६ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, वसमतच्या आमच्या घरी इन्व्हर्टर आला. दोन बॅटऱ्यांसह किंमत सतरा हजार पाचशे. पाच हजार तिथेच रोख दिले, बारा हजार पाचशे दिवाळीच्या आत द्यायचे ठरले. हजर होतो मी, माझी पत्नी, तिचा धाकटा भाऊ आणि वारंगा फाट्यावर ट्रकच्या बॅटऱ्या विकणारा दुकानदार. सामान तो स्वतःच टेम्पोत घालून घेऊन आला होता.

"ह्याच्यावर ट्रक सुरू होते साहेब," तो म्हणाला, "तुमचं कंप्युटर काय चीज हाय!"

अडचण कंप्युटरची नव्हती, कामाची होती. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, अडत दुकानांना हिशेबाचे प्रोग्रॅम लिहून देणं हा माझा १९९४ पासूनचा धंदा. त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने मला वेगळंच काम दिलं. इंटरनेटवरची पानं ज्यातून बघतात तो ब्राउझर. त्यातल्या एका मोठ्या, जगभर चालणाऱ्या ब्राउझरचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही दुरुस्ती लिहून पाठवावी, परदेशातल्या तपासनिसाने मान्य केली की ती मूळ कोडात जाते. त्यात मराठी ओळ नको तिथे तुटायची. अर्धं जोडाक्षर वरच्या ओळीत राही, उरलेलं खालच्या. ते मी दुरुस्त करायचं. चोवीस हजार मिळणार होते, पण नवी आवृत्ती बंद होण्याआधी, म्हणजे तिच्यात भर घेणं थांबण्याआधी, दुरुस्ती आत गेली तरच.

दुरुस्ती मी आठवडाभरात लिहिली. तपासनिसाने ती परत पाठवली. त्याचं म्हणणं, अक्षरांची रुंदी मोजायचं एकच काम या कोडात चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेलं आहे, त्यात पाचवी भर नको. आधी चारांचं एक करा, मग मराठीचं बघू. म्हणणं चूक नव्हतं, म्हणून राग जास्त आला. घाण दहा वर्षांत दहा जणांनी केलेली, आणि ती काढायची पाळी माझी.

अशी साफसफाई करताना एक अट असते: वागणूक जराही बदलता कामा नये. काल जे पान जसं दिसत होतं तसंच ते आज दिसलं पाहिजे. आणि इथे एक ओळ हलवली की तिसऱ्याच फाइलमध्ये काहीतरी ढासळायचं. मग पूर्ण कोडातून ब्राउझर पुन्हा तयार करायचा. माझ्या मशीनला त्यासाठी सहा तास लागत आणि आमच्याकडे वीज सलग सहा तास राहत नसे. पाचव्या तासाला लाइट गेली की कधी अर्धवट फाइली खराब होत आणि पहिल्यापासून सुरुवात. हे दोनदा सोसलं, तिसऱ्या वेळी फाट्यावर फोन केला.

एके दुपारी पत्नी चहा ठेवून मागे उभी राहिली. पडद्यावर एक पान उघडं होतं.

"महिना झाला, करून काय राहिलात तुमी?"

"हे आतून सगळं बदललं."

"मला तर कालच्यासारखंच दिसून राहिलं."

"तसंच दिसायला पाहिजे."

"म्हणजे काहीच बदललं न्हाई."

"न्हाई."

"आन् ह्याचे पैसे देणार ते?" ती हसली. "मग मी बी उद्यापासून भांडे तसेच ठेवते. कालच्यासारखेच दिसतील."

मला हसू आलं नाही. तिचा हिशेब बरोबर होता, एवढंच.

चार तऱ्हांपैकी तिसरीत एक अपवाद लिहिलेला होता. काही विशिष्ट फाँट असतील तर एक ठरावीक चिन्ह गाळू नये, असा. शेजारी कारण लिहिलेलं नाही, तो तपासणारी चाचणी नाही, ज्याने टाकला तो माणूस प्रकल्प सोडून गेलेला. मी तपासनिसाला विचारलं, कारण कळत नाही तर ठेवू का? उत्तर आलं, कारण कुणालाच माहीत नसलेल्या ओळी ठेवायच्या तर साफसफाई कशाला म्हणायची? मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, या वेळी जरा तुटक. मी अपवाद काढला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. नवरात्रात काम मूळ कोडात गेलं आणि त्यापाठोपाठ मराठीची दुरुस्तीही गेली. आवृत्ती बंद व्हायला दहा-बारा दिवस होते. मी फाट्यावर फोन करून सांगितलं, दिवाळीआधी पैसे नक्की.

पत्नीच्या भावाचा मोंढ्याच्या कोपऱ्यावर सायबर कॅफे होता. रोजच्या वापरात काही बिघडतं का ते कळावं म्हणून त्याच्या दाराजवळच्या मशीनवर मी नवा ब्राउझर टाकून दिला. सकाळी सौदे सुरू होण्याआधी अडते आणि शेतकरी त्याच मशीनवर बाजारभावाचं पान बघत. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"दाजी, या बरं लवकर. लोकं हसून राहिले."

मी गेलो तर मशीनभोवती सात-आठ जण. डोंगरकड्याचा एक केळीवाला मला पाहताच म्हणाला, "या साहेब! तुमच्या मशिनीत गू काय भावानं चाललाय?"

पान पाहिलं. सगळीकडचा 'ळ' गायब. गुळापुढचा भाव ठीक, नाव मात्र सांगण्यासारखं उरलं नव्हतं. हळदीची हद झाली होती.

"आन् माही केळी कुठं गेली?" केळीवाल्याने विचारलं.

"व्यापारी घेऊन गेला, उधारीत," मागून एक जण म्हणाला आणि हशा पिकला.

मला तेव्हा त्या अपवादाचं कारण कळलं. आपल्याकडची जुनी मराठी पानं खऱ्या मराठी अक्षरांत लिहिलेली नसतात. आत इंग्रजी चिन्हं असतात आणि प्रत्येकाचा आपापला फाँट त्यांवर मराठी चेहरा चढवतो. या पानाच्या फाँटने 'ळ' नेमका अशा चिन्हावर बसवला होता जे ब्राउझर एरवी अदृश्य समजून गाळतो. कुणीतरी, कधीतरी, याच त्रासाने तो अपवाद घातला होता, आणि दोन शब्दांचं कारण लिहायचा कंटाळा केला होता.

मेव्हण्याने मला बाजूला घेतलं. "दाजी, मी ह्या मशीनवर जुनंच टाकतो. तुमी गप बसा. तुमचे पैसे येऊ द्या."

"आणि नांदेडच्या मोंढ्यात कोण जुनं टाकून देणार?"

"तिथल्या लोकायची तकलीफ तुमी काहून घेता?"

घरी पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "काहीच बदलायचं न्हाई, याचेच पैसे होते ना? मग बदललं ते."

चोवीस हजारांवर पाणी सोडायची माझी इच्छा नव्हती, हे स्पष्ट लिहितो. त्या तपासनिसाचा, त्या निघून गेलेल्या माणसाचा आणि तो फाँट बनवणाऱ्याचा, तिघांचाही मला संताप आला होता. तरी त्याच दुपारी मी पानाचं चित्र जोडून चूक कळवली आणि फक्त अपवाद परत घालू द्या म्हणून विनंती केली. तपासनिसाने अख्खं कामच मूळ कोडातून मागे घेतलं. मराठीची दुरुस्ती त्यावरच उभी होती, तीही गेली. चाचणी लिहून पुन्हा पाठवा, असं त्याने कळवलं. मी दोनदा विचारल्याचा उल्लेख नाही. मी चाचणी लिहिली, त्यात 'हळद, गूळ, केळी' हेच शब्द घातले, अपवादाशेजारी चार ओळी कारण लिहिलं. तोवर आवृत्ती बंद झाली होती. सगळं पुढच्या आवृत्तीत गेलं.

कंपनीने अटीवर बोट ठेवलं, मी केलेल्या कामावर. चार फोन झाले. शेवटी निम्मे द्यायला ते तयार झाले.

वसुबारसेला बारा हजारांचा चेक वटला. त्यात घरातले पाचशे घालून मी एस.टी.ने वारंगा फाट्यावर गेलो आणि बारा हजार पाचशे रुपये बॅटरीच्या दुकानदाराला दिले. त्याने नोटा मोजल्या आणि विचारलं, "काम झालं का मग साहेब?" मी झालं म्हणालो, आणि पावती घेतली.