आखाजीच्या आधी

माघातल्या एका मंगळवारी दुपारी माझे पती गेले.

त्यांची दृष्टी आधीच गेली होती, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना पुस्तक वाचून दाखवत असे. तेरावा झाला, माणसं पांगली आणि मी अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागले. मनातल्या मनात वाचायची सवयच मोडली होती. शेजारणीने ते ऐकलं आणि दापोऱ्याला माझ्या दिरांना कळवलं, वहिनी रिकाम्या खुर्चीशी बोलतात.

मग समजूत घालणाऱ्यांची रीघ लागली. समजूत घालणाऱ्या माणसाइतका स्वतःवर खूश माणूस मी पाहिलेला नाही. चहा संपवून, डोळे टिपून ते मला सांगत, आयुष्य थांबत नाही. पुतण्या मोबाइलवरची मान न उचलता म्हणाला, "काकू, पॉझिटिव्ह सोच ना. सब ठीक होऊन जाईल." दिरांचा बेत पक्का होता: आमचं बुऱ्हाणपूरचं हे घर भाड्याने द्यायचं, मला दापोऱ्याला न्यायचं. जाऊबाई म्हणाल्या, "केळीच्या बागेत मन रमेल तुमचं." त्या स्वतः त्या बागेत चप्पल खराब होईल म्हणून पाऊल टाकत नाहीत.

मी एकटी राहू शकत नाही, हे वदवून घ्यायला दिरांनी मला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. टेबलावर डोळे पुसायच्या कागदांचा डबा होता. तो पाहूनच बाईंबद्दलचं माझं मत झालं.

दिरांचं सगळं ऐकून घेऊन बाईंनी मला विचारलं, "काय वाचताय सध्या? कुठवर आलं?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. दिवा लावला की सुरू करते, कणीक मळायची वेळ झाली की मिटते. यजमान असताना पंख्यामुळे आवाज चढवावा लागे. आता लागत नाही.

"मॅडम, मेलेल्या माणसाला कोणी वाचून दाखवतं का?" दीर म्हणाले.

"येत्या अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, त्यांच्या नावाने घागर भरणार ना, दादा?" बाईंनी विचारलं.

"भरणार म्हणजे! पहिलं वर्ष आहे. नाही तर पाणी कसं पोहोचेल त्याला?"

मी म्हणाले, "पाणी पोहोचतं, भाऊजी, आणि वाचलेलं तेवढं वाटेत अडतं?"

बाई हसल्या नाहीत. दिरांना हळू आवाजात म्हणाल्या, "यांना काय जमत नाही ते तुम्ही सांगितलंत. जमतं काय तेही बघा. एवढ्या दुःखात एक काम रोज वेळेवर सुरू करतात, वेळेवर थांबवतात. तेच धरून बाकीचं उभं करू. कुठे राहायचं ते मात्र त्या ठरवतील."

बाईंसाठी मी बरंच कडवट बोलणं तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं.

आखाजीची घागर मी याच घरात भरली, वर खरबूज ठेवलं. दीर पोटभर जेवले आणि उंबऱ्यावर म्हणाले, "तरी विचार करा, वहिनी." मी दार लावून घेतलं.

महिन्यातून एकदा बाईंकडे जाते. घर माझ्याकडे आहे. त्यात मी एकटी राहते.