भोंगा कोणी जाळला?

रज्जाकचाचांवर अन्याय झाला तो दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, डोंगरकड्याच्या बसस्टँडसमोर. करणाऱ्याचं नाव शेवटी सांगतो. (पळणार नाही तो. मी ओळखतो त्याला.)

आमच्या बाबांचा मंडप आणि साऊंडचा धंदा. आमचा अॅम्प्लिफायर, म्हणजे ‘मशीन’, गावातले एकमेव मेकॅनिक रज्जाकचाचा यांनी दसऱ्याआधीच दुरुस्त केलेला. त्या सोमवारी पाण्याच्या टाकीसाठी माझी सभा होती. टाकी बांधली, नळ बसवले, पाणी सोडायचं तेवढं राहिलं! हा संताप साध्या आवाजात मावतो का? मी आवाजाचं बटण पिळलं.

“आवाज फाटून राहिला, कमी कर!” बाबा ओरडले.

“जनतेचा आवाज फाटकाच असतो!” मी माईकवरूनच सुनावलं आणि बटण शेवटाला नेलं. टाळ्या पडल्या. भोंगा खर्रकन जळाला. पुढची वीस मिनिटं मी नुसते हातवारे केले!

संध्याकाळी पत्रक तयार. ‘निकृष्ट दुरुस्तीचा जाहीर निषेध! मशीन आवाज फाडतं, फाटका आवाज भोंगा जाळतो, हे शेंबडं पोरही सांगेल!’ गावभर भिंतींवर चिकटवलं. आठ दिवसांत चाचांकडे मिक्सर यायचे बंद. लोक बिघडलेले पंखे घेऊन कळमनुरी गाठू लागले.

नवव्या दिवशी चाचाच घरी आले. खिशात माझं पत्रक, नीट घडी घालून.

“काहून रे, फाटक्या आवाजानं भोंगा जळतो व्हय? बस इथं.”

त्यांनी मशीनला चांगला भोंगा जोडला. माईकच्या जागी मोबाईल जोडून त्यातलं माझंच भाषण लावलं. माईकचं बटण पार वर, मुख्य बटण जेमतेम उघडं. आवाज फाटका, पण कुजबुजीएवढा. दुपारभर मी स्वतःलाच ऐकत बसलो. (आई मधेच उठून गेली.) भोंगा ठणठणीत!

“बघ. फाटनं म्हंजे खोकला. खोकल्यानं मानूस मरत न्हाई. भोंग्यातली तार मरती तापून, झेपंना इतकी ताकद रेटली की. तू शेळीवर हत्ती बसवला लेकरा!”

“मग मशीननं सांगायला नको?” मी डाफरलो.

“सांगतं की. लाल दिवा हाये त्याला.”

दिवा कुठंच नव्हता. त्या जागी वाळलेल्या कुंकवाचा थर होता, बोटभर जाड. चाचांनी ओल्या फडक्यानं तो पुसला, मुख्य बटण क्षणभर वर नेलं, आणि दिवा लालभडक पेटला!

“मशीनचे डोळे कोणत्या गाढवानं लिंपले?” मी उसळलो.

आई दारात उभी. “दसऱ्याच्या पूजेत तूच तर लावलं कुकू! वर म्हनला, आई, मधोमध कशी बराबर जागा घावली!”

तर लोकहो, अन्याय करणारा मीच. संताप अजून तितकाच आहे, फक्त त्याचा पत्ता बदललाय. तुमच्या भिंतीवरचं माझं पत्रक आजच्या आज काढा आणि घरातला बिघडलेला मिक्सर उचलून चाचांच्या दुकानात न्या. पत्रक निघत नसेल तर खुरप्यानं खरवडा, पण काढा! खळसुद्धा मी गरजेपेक्षा जास्तच लावली होती.