हातभर जागा

इथल्या दुकानातलं पीठ थंड असतं. आज सकाळी पोराने नवी पिशवी फोडली, ओट्यावर थोडं सांडलं, वासही आला. पण दगडातून नुकतंच उतरलेलं पीठ ओंजळीत घेतल्यावर कोंबडीच्या पिलासारखं जे ऊन ऊन लागतं, ते त्यात कुठलं? मी चौथी शिकलेला माणूस. सगळी उमर पिठाच्या गिरणीत गेली. पट्टा आणि दगड माझ्याकडे, गिऱ्हाइकांचे डबे हिच्याकडे. संध्याकाळी गिरणी बंद करून निघालो की दोघंही भुतासारखी पांढरी. तिच्या भुवयांवर पीठ बसलेलं असायचं आणि ती म्हणायची, "बघा, तुमच्या आधी मीच म्हातारी झाले." खोटारडी. म्हातारपण सोबतीने काढायच्या गोष्टी केल्या आणि मला अमेरिकेत, नेपरव्हिलच्या बर्फात पोराच्या दारी टाकून निघून गेली. वर्ष उलटलं. लोक म्हणतात, काळ जातो तसं दुःख निवतं. लोकांना काय जातंय म्हणायला.

दुःखाचं एक वेळ सोडा, रागाचं काय करू? गेल्या महिन्यात ओट्यावरून मान वर केली की भिंतीवर एक फोटो दिसायचा. वर्षश्राद्धासाठी पोराने करून आणलेला. ह्या घराच्या दारात पोरगा, नात, मी, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती! ह्या घरात तिचं पाऊल पडलं नाही हो कधी. व्हिसा आला तेव्हा ती अंथरुणातून उठत नव्हती. तरी कॉम्प्युटरने तिला उठवली, कसलंसं गुलाबी पातळ नेसवलं आणि बर्फात आणून उभी केली. वर बत्तीस दात झळकत होते. तिचा पुढचा दात गिरणीच्या फळीवर आपटून पडला होता. तेव्हापासून हसू आलं की पदर तोंडाशी जायचा, आणि हसू डोळ्यांतून सांडायचं. ते डोळे कुठल्या मशिनीला जमणार?

"अण्णा, सरप्राइज!" पोरगा म्हणाला. "जुन्या फोटोवरून आईला जनरेट केलंय. कसा झालाय?"

"ही बाई कोण?"

"अण्णा, काय हे!"

"अंगाला चिकटून उभी आहे, म्हणून विचारलं. ओळख तरी करून दे."

तो आत निघून गेला. फोटो मात्र हलला नाही. शनिवारी माणसं येणार होती. ह्या परक्या बाईला हार घालणार, तिच्यापुढे हात जोडणार, आणि "काकू किती गोड दिसतात" म्हणत जेवून जाणार. माझी बायको दुसऱ्यांदा मरणार, आणि ह्या खेपेला माझ्या डोळ्यांदेखत तिच्या जागी दुसरीच बसणार.

चारचौघांत ती माझ्यापासून हातभर लांब उभी राहायची. देवळात, लग्नात, दवाखान्यातसुद्धा. माझ्या डाव्या अंगाला, पण हातभर लांब. आमचा दोघांचा खराखुरा फोटो एकच, गिरणीत नवी मोटर बसवली त्या दिवशीचा. त्यातही मधे ती जागा आहेच. लोकांना वाटायचं, नवरा-बायकोचं पटत नाही. तेवढ्या जागेतून ती मला डोळ्यांनी दम द्यायची, समोरचं गिऱ्हाईक लबाड आहे म्हणून खुणवायची, दुखत असलं तर न बोलता सांगायची. खांद्यावर डोकं टेकणारी माणसं असतील सुखी. आम्हाला ती जागा लागायची.

आमच्या शेजारी एक गोरी म्हातारी एकटीच राहते. त्याच आठवड्यात नात मला तिच्याकडे चहाला घेऊन गेली. मी घरात फोटोकडे बघून दात-ओठ खातो, हे पोरीने ओळखलं असावं. म्हातारीचे वाडवडील वेल्स नावाच्या मुलखातले. इंग्लंडला लागून आहे म्हणे. डोंगर, धुकं आणि मेंढ्या. तिने दोन फोटो पुढ्यात ठेवले. एक जुना, काळपट. दगडी प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर सगळं गाव उभं: टोप्या घातलेले बापे, लोकरीच्या शाली घेतलेल्या बाया, एका पोराचा तर बूटच फाटलेला. दुसरा फोटो ह्याच वर्षीचा. त्याच पायऱ्या, मागे तोच डोंगर, डोंगरावर मेंढ्याही तशाच विखुरलेल्या. माणसं मात्र आजची, लाल-निळ्या जाकिटांतली. पण ओळ कशी, दात पडलेल्या तोंडासारखी! मधे मधे मोकळी. मी नातीला म्हटलं, "फोटो काढणाऱ्याला अक्कल नव्हती का? सरका म्हणायचं."

तिने म्हातारीला विचारलं आणि मग माझ्याकडे वळली. "आबा, एव्हरीबडी आपापल्या आजोबा-पणजोबांच्या जागेवर उभा आहे. ज्या फॅमिलीचं कोणीच उरलं नाही, त्यांची जागा एम्प्टी. तिथे दुसऱ्या कोणी उभं राहायचं नाही. दॅट्स द रूल."

म्हातारीने दुसऱ्या पायरीवरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि हसत काहीतरी म्हणाली. नात म्हणाली, "ती ह्यांच्या फॅमिलीची जागा. सगळे इकडे आले ना! ही आजी म्हणते, मी जाऊन उभी राहिले असते, पण गुडघे नाही म्हणतात."

माझा चहा तसाच गार झाला. एवढ्याशा गावाला कळतं, मोकळी जागा ही पण माणसाचीच असते. आणि आमचे शिकलेले दिवटे ती लिंपून टाकतात, भिंतीतलं भोक बुजवावं तशी.

घरी आलो ते बूट न काढताच पोराला म्हटलं, "तो फोटो उतरव."

"नाही उतरवणार!" तो जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "आईचा ह्या घरातला एकही फोटो नाही माझ्याकडे, अण्णा! एकही नाही!"

"नाहीच आहे! ती आलीच नाही. नाही तर नाही म्हण की, मर्दा! मी रोज म्हणतोच ना?"

मग तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मी उभाच होतो. मला बसायचं सुचलं नाही.

शनिवारी हार गिरणीच्या फोटोला घातला. जेवणं झाल्यावर नातीने आम्हाला दारात उभं केलं. पोराच्या ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा फोन धरून होता. "काका, जरा जवळ सरका ना, मधे गॅप दिसतेय."

मी तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, "राहू दे रे. ती जागा तशीच हवी."

शनिवारचा तो फोटो आता भिंतीवर आहे. पोरगा, नात आणि मी; माझ्या डाव्या अंगाला नुसतं दार आणि मागचा थोडा अंधार. आलेगेले विचारतात, फोटो असा एका बाजूला का कलला? मी सांगत नाही. राग गेलेला नाही. न विचारता गेली, त्याचा राग जायचाही नाही. पण सकाळी ओट्यापाशी उभा राहून वर बघतो, तेव्हा कोणी परकं माझ्याकडे बघून हसत नाही. पोराला एवढंच सांगून ठेवलंय: मी गेल्यावर ह्याच दारात पुन्हा फोटो काढ. दोघांची जागा मोकळी ठेव. आणि आमच्या दोघांच्या मधे हातभर सोड.