मिश्रीनं खाल्लेला गाल

मला सत्कारांची किळस येते. आत्याचा सत्कार झाला तेव्हापासून.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जळकोटजवळच्या आमच्या गावी ती आमच्याकडेच राहायची. पोरवयापासून दिवसातून चार-चारदा मिश्री लावायची. गालात कॅन्सर निघाला आणि नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले. आत्या एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली, कारण त्या वर्षीच्या दुष्काळात गावातल्या साऱ्या बाया एका जागी सापडायच्या त्या तिथंच. तोंडावरचा पदर बाजूला करून ती म्हणायची, "बघा गं, मिश्रीनं काय केलंय. वास बी घ्या." एखादी तिथंच ओकायची. पण कितीतरी जणींनी मिश्रीच्या डब्या उकिरड्यावर फेकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नव्याची नवलाई, उठसूट सत्कार. आत्यालाही बोलावणं आलं. ती हरखली. "लई बाया येणार हायेत म्हणं. जीभ चालते तवर दोन शब्द बोलून घेते."

तासभर पुढारीच बोलले. त्यातला एक तर तोंडातली तंबाखू मंडपामागं थुंकून आला आणि व्यसनमुक्तीवर बोलला. आत्याची पाळी आली तेव्हा वेळ संपली होती. शाल, नारळ उरकला. मग फोटोसाठी प्रमुख पाहुण्यानं तिच्या ओठाला पेढा लावला. "तोंड उघडा की, अक्का!" तिला पाणीसुद्धा गिळवत नाही, हे एकाही गाढवाला ठाऊक नव्हतं. मग सत्कार कशाचा चालला होता?

आत्यानं पेढा बाजूला सारला. बायांकडे वळली, पदर काढला आणि जमेल तेवढं तोंड उघडलं. लाळ, पू, सगळं नव्या शालीवर गळलं. पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला. बाया मात्र उठून उभ्या राहिल्या, पुढं सरकायला लागल्या.

मी तिच्या शेजारीच होतो. एवढे साहेबलोक बघताहेत म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दातओठ खाऊन मी म्हणालो, "आत्या, झाक ते तोंड."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर ओढून घेतला. त्यानंतर मरेपर्यंत तिनं ते तोंड कुणालाच दाखवलं नाही. त्या पुढाऱ्यांना मी अजून शिव्या घालतो. पण तिला गप्प केलं ते मी.