दाबलं की लाल

सोनोग्राफी विभागात तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेले भांडारपालही ताईच म्हणत आणि त्यांचा तर ताईंवर विशेष जीव. कारण तपासणीआधी अंगावर लावायच्या जेलच्या बाकीच्यांना जितक्या बाटल्या आठवड्याला लागत, तितक्यांत ताईंचा महिना निघे.

बावीस वर्षांपूर्वी त्या नोकरीला लागल्या तेव्हा रुग्णालयात जेलचा दुष्काळ होता. वाटाण्याएवढा थेंब घ्यायचा आणि अंगावर फिरवायचा प्रोब जोरात दाबून चित्र काढायचं, ही विद्या त्यांनी तेव्हा कमावली. हात इतका जड झाला की घरी त्यांनी बंद केलेली बरणी दुसऱ्या कुणाला उघडत नसे. नवऱ्याचा खांदा त्यांनी दाबून दिला की तो म्हणे, "जुनं दुखणं गेलं, आता हे नवीन कुणाला दाखवू?"

अशा या हातात नवं मशीन आलं. हे मशीन गाठ किती मोठी एवढ्यावर थांबत नाही, ती किती कडक हे सांगतं. ते शरीरात एक बारीकसा धक्का देतं. त्याची लाट कडक जागेतून पळत सुटते, मऊ जागेतून रमतगमत जाते. वेग मोजला की पडद्यावर रंग उमटतात. कडक तिथे लाल, मऊ तिथे निळा, शेजारी आकडा, जितकं कडक तितका मोठा. कर्करोगाची गाठ बहुधा दगडासारखी असते, पण औषध लागू पडलं तर कित्येकदा आकार घटायच्या आधीच ती मऊ पडू लागते. म्हणजे मोजपट्टीला पत्ता लागायच्या आत मशीनला बातमी. ताई या कल्पनेवर इतक्या खूश झाल्या की आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. शेवटी सासूबाईंनी विचारलं, "आपल्याकडे राहायला येणार आहे का ते?"

मशीन शिकवायला कंपनीकडून एक मुलगी आली होती. सुरुवातीच्या काही तपासण्या तिनेच केल्या. जाताना बजावून गेली की जेल भरपूर आणि हात हलका. ताईंनी मान डोलावली. हाताला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्या मुलीने तपासलेल्यांत एक शिवणकाम करणारी बाई होती, छातीत गाठ असलेली. तेव्हा आकडा आला एकशे बेचाळीस, पडदा लालभडक. औषधाचे दोन डोस झाल्यावर ताईंनी तपासलं, एकशे अडतीस. गाठीचा आकारही होता तेवढाच. डॉक्टरांनी ठरवलं, या औषधाने काही हलत नाही, गुरुवारपासून दुसरं सुरू करू. दुसऱ्या औषधाने बोटांची टोकं बधिर होण्याची भीती होती. शिवणवाल्या बाईच्या घरात सुई ओवणारी बोटं तेवढीच होती.

बुधवारी ती रक्त द्यायला आली आणि ताईंच्या दारात घुटमळली.

"ताई, गाठ मऊ झालीय हो. आधी कॉलरच्या आतलं कडक बकरम चारपदरी घडी घातल्यासारखं लागायचं. आता तेच बकरम दहादा धुतल्यासारखं लागतं."

ताईंनी पाठीवर हात ठेवून धीर दिला. मनाला हवं ते बोटांना लागतं, हे त्यांनी बावीस वर्षं पाहिलं होतं. बाई निघाली, आणि वळून म्हणाली, "रागावू नका, पण त्या मुलीचा हात कळलासुद्धा नव्हता. तुमचा मात्र दोन दिवस कळत होता."

ताई हसल्या. दार लोटून खुर्चीत बसल्या आणि त्यांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी बाही वर केली. वाटाण्याएवढं जेल घेऊन स्वतःच्या दंडावर प्रोब नेहमीसारखा दाबला. लाल. मग भांडारपालांचं स्मरण करून बाटली उपडी केली आणि प्रोब जेलवर नुसता तरंगत ठेवला. निळा. दाबला, लाल. उचलला, निळा. मऊ स्पंजही मुठीत आवळला की टणक लागतो, तशी गत. पाचव्या खेपेला ताई उठल्या आणि जेलने माखलेल्या दंडानिशी धावत सुटल्या. रक्ताच्या रांगेतून त्यांनी बाईला हाताला धरून बाहेर काढलं. मागचे दोघे, आपला नंबर पुढे सरकला म्हणून, खूशच झाले.

यावेळी ताईंनी श्वाससुद्धा बेताने घेतला. कडेला थोडा लाल उरला होता, मध्ये हिरवा, निळा. एकाहत्तर. पुन्हा केलं, अडुसष्ट. पुन्हा, त्र्याहत्तर. बाई छताकडे बघत निमूट पडून होती.

डॉक्टर ताईंच्या भाचीच्या वयाच्या. ताईंनी त्यांना बोलावून आणलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "मागचा आकडा गाठीचा नव्हता, माझ्या हाताचा होता."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. त्यांनी प्रोब स्वतः धरला. सत्तर. "एका आकड्यावर मी नाचणार नाही," त्या म्हणाल्या, पण पाय खुर्चीखाली ठेका धरत होता. गुरुवारचं रद्द. हेच औषध आणखी दोन डोस, मग पुन्हा बघायचं.

"म्हणजे बोटं शाबूत?" बाईने विचारलं.

"सध्या तरी शाबूत."

बाई उठून बसली, ओल्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाली की मग आता कुणीतरी पुसायला कापड द्या, अर्धी बाटली ओतलीत अंगावर. डॉक्टर हसल्या. हसता हसता थांबल्या. या मशीनवर ताईंनी आणखी किती जणींना तपासलं, असं त्यांनी विचारलं.

अकरा.

त्या अकरांपैकी कुणाचं औषध बदलायचं ठरलं असेल, कुणाला निराश करून घरी धाडलं असेल. डॉक्टर काही सांगणार, तोवर ताईंनी नोंदवही ओढली, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि फोन उचलला. पलीकडचा आवाज घाबरला होता. काही वाईट निघालं का, असं विचारत होता.

"चूक निघालीय, आणि ती माझी आहे," ताई म्हणाल्या. "उद्या दहाला या. तुमची गाठ मला नव्याने बघायचीय."